नाकसाहेबांचा घोट

नाकसाहेबांनी मेहुण्याच्या थोबाडावर जो फटका मारला तो हिरव्या नळीचा होता. नळी ओली होती, आत पाणी होतं, त्यामुळे आवाज असा निघाला की यार्डातल्या सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. मेहुण्याच्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत लाल पट्टा उठला. त्यानं तो चाचपून पाहिला, बोटाला रक्त लागलंय का ते बघितलं, लागलं नाही म्हणून जरासा हिरमुसला, आणि मग दोन्ही हातांनी नाकसाहेबांच्या छातीवर असा धक्का दिला की ते तीन पावलं मागे जाऊन आडवे झाले. मागे गाडी ओढायचा लोखंडी हूक होता. डोक्याची मागची बाजू त्यावर आपटली. हा आवाज पहिल्यापेक्षा बारीक होता, पण ज्यांनी तो ऐकला त्यांना त्या दुपारी जेवण गेलं नाही.

भांडण नळीवरूनच झालं होतं. हे यार्ड भाड्यानं कॅम्पर देणारं. कॅम्पर म्हणजे चाकांवरची खोली: बिछाना, शेगडी, बेसिन, आणि बिछान्याखाली पिण्याच्या पाण्याची टाकी. लोक त्यात बसून डोंगर बघायला जातात, समुद्र बघायला जातात, आणि परत आल्यावर बोलतात ते पाण्याबद्दल. टाकीतलं पाणी चार दिवसांत प्लॅस्टिकसारखं लागायला लागतं, आठवड्यात डबक्यासारखं. या यार्डातल्या गाड्यांचं तसं लागत नसे आणि त्याचं श्रेय एका नाकाला होतं. त्या नाकाचा नियम असा, की पिण्याचं पाणी भरायचं ते पांढऱ्या नळीनं. भरून झालं की ती निथळवायची आणि तिची दोन्ही तोंडं एकमेकांत अडकवून ठेवायची, म्हणजे आत धूळ नाही आणि किडा नाही. हिरवी नळी चाकं धुवायला. मेहुण्यानं हिरवीनं टाकी भरली, कारण पांढरी तीस पावलं लांब होती.

‘पाणी पाणीच असतं की, दाजी,’ एवढंच तो म्हणाला होता. माणूस वाईट नव्हता. हात सोन्यासारखे आणि अक्कल खुंटीला टांगलेली, असा होता. पंप, तारा, शेगड्या सगळं दुरुस्त करायचा, फक्त जे दिसत नाही ते असतं यावर त्याचा विश्वास नव्हता. नाकसाहेबांचा सगळा पसारा तर न दिसणाऱ्यावरच उभा होता.

दहा मिनिटांनी ते उठून बसले. कोणीतरी पाणी दिलं. त्यांनी घोट घेतला, जिभेवर फिरवला आणि पेल्यात पाहिलं. पाणी ओलं होतं. याहून जास्त त्या पाण्याबद्दल त्यांना काहीही सांगता आलं नसतं.

आठवडाभर ते स्वतःलाच सर्दी झाल्याचं सांगत होते. दुसऱ्या आठवड्यात घरी ते शेगडीशेजारी बसले होते आणि पातेल्यातलं दूध उतू जाऊन, आटून, करपून काळं झालं. बायको जिन्यावरून धावत आली. खोलीत धूर होता आणि नाकसाहेब त्यात निवांत पेपर वाचत बसले होते.

‘अहो, वास आला नाही?’

‘लक्ष नव्हतं.’

तिनं पातेलं खाली उतरवलं, कपाटातून खोबरेल तेलाची बाटली काढली, मग रॉकेलची, मग फिनेल, आणि एकेक त्यांच्या नाकाखाली धरली. ते तिन्ही वेळा ‘हं’ म्हणाले. ती बाटल्यांची झाकणं लावत खाली बसली.

‘हुकानं गेलं,’ ती म्हणाली. ‘माझ्या भावानं घालवलं.’

‘कोणाला बोलायचं नाही.’

‘डॉक्टरला तरी?’

‘डॉक्टरला कसं सांगणार? डॉक्टरची बायको कॅम्पर घेते आपल्याकडून. नाक गेलं हे कळलं तर मी काय उरतो इथे? बादली वाहणारा. तुझा भाऊ पेला पिणार आणि मी बादली वाहणार.’

पेल्याची गोष्ट अशी. गाडी सोडायच्या सकाळी, गिऱ्हाईक समोर असताना, आतल्या नळाचा पहिला पेला ओतून द्यायचा आणि दुसरा नाकसाहेब नाकाशी नेत. डोळे मिटत. घोट घेत, गालातून फिरवत, गिळत, आणि म्हणत, ‘जा.’ तेवढा एकच शब्द. गिऱ्हाईक आशीर्वाद मिळाल्यासारखं स्टिअरिंगवर बसे. मालकीणबाई या सोहळ्याच्या वेळी मुद्दाम ऑफिसातून बाहेर येऊन उभ्या राहत, कारण त्यांना माहीत होतं की लोक गाडीसाठी कुठेही जातील, पण त्या ‘जा’साठी इथेच येतील. बावीस वर्षं नाकसाहेबांचं खरं नाव यार्डात कोणी उच्चारलं नव्हतं. बहुधा कोणाला आठवतही नव्हतं.

बायको यार्डातच गाड्यांचे पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवायची. तिनं तोड काढली. सकाळी सातला ती पडदे लावायच्या निमित्तानं गाडीत जाणार, नळाचं पाणी पिऊन बघणार. पडदा पूर्ण उघडा ठेवला तर पाणी चांगलं, अर्धा ओढला तर टाकी पुन्हा धुवा. नाकसाहेब लांबून पडदा बघत आणि मग समाधी लावून घोट घेत. गिऱ्हाइकांना फरक कळला नाही. उलट आता ते डोळे जरा जास्त वेळ मिटत, तर लोकांना ते जास्त आवडलं.

‘एक अट आहे,’ ती म्हणाली होती. ‘त्याच्यावर हात उचलायचा नाही. त्यानं तुमचं नाक घेतलंय हे मला कळतं. पण पहिला फटका तुमचा होता, आणि तो माझा भाऊ आहे. हात उचललात तर पडदे मी लावणार नाही.’

नाकसाहेबांनी मान डोलवली आणि अटीतली फट लगेच शोधली. अट हाताची होती. दोन दिवसांनी मेहुणा गाडीखाली पाठीवर झोपून नट आवळत होता, एक हात बाहेर, पाना शोधत. नाकसाहेब तिथून गेले आणि जाताना त्यांचा बूट त्या हातावर पडला. पडला आणि जरा थांबला. दोन बोटांची नखं काळी झाली.

‘दिसलं नाही,’ ते म्हणाले.

‘हात दिसला नाही?’ मेहुणा गाडीखालून म्हणाला. ‘आता डोळेही गेले का, दाजी?’

‘आता’ आणि ‘डोळेही’ ऐकून नाकसाहेब चालायचे थांबले. याला संशय आलाय, हे त्यांनी ओळखलं.

संशय त्या दिवशी दुपारी पक्का झाला. जेवायला सगळे पत्र्याच्या शेडमध्ये बसले. मेहुण्यानं रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं नाकसाहेबांच्या खुर्चीखाली टाकलं आणि समोर बसून बघत राहिला. रंगवाला नाक दाबून उठला. वेल्डर म्हणाला, ‘कसला भपकारा येतोय रे इथे?’ नाकसाहेब शांतपणे घास चावत होते. मेहुण्यानं ते पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर आधी गंमत आली, मग वाईट वाटल्याची एक सावली येऊन गेली, आणि मग काळ्या नखांकडे लक्ष गेल्यावर पुन्हा गंमत आली.

तो मालकीणबाईंकडे गेला नाही. सांगून टाकलं असतं तर गोष्ट एका दिवसात संपली असती, आणि त्याला ती पुरवून पुरवून खायची होती. रोज नवं नाटक. नाकसाहेब जवळून गेले की हा नाक दाबून ओरडे, ‘बाप रे, काय मेलंय इथे? दाजी, बघा बरं तुमच्या नाकानं.’ मग खोकायचं, गळा धरायचा, डोळे पांढरे करायचे, चाकाला टेकून खाली घसरायचं. लोक हसत. त्यांना वाटे, दाजी-मेहुण्याची थट्टा चाललीय. नाकसाहेबही हसत. दाताखाली खडा आल्यावर चारचौघांत जसं तोंड करतात तसं. एकदा कोणी नसताना त्यांनी त्याला गाडीच्या मागे गाठलं आणि गुडघा पोटात घातला. मेहुण्यानं डोकं त्यांच्या ओठावर मारलं. ओठ फाटला. दोघं एकमेकांची कॉलर धरून, धापा टाकत, मिनिटभर तसेच उभे राहिले, आणि बायकोच्या शिवणयंत्राचा आवाज थांबल्यावर एकमेकांना सोडून दोन दिशांना गेले.

‘ओठाला काय झालं?’ तिनं विचारलं.

‘झाकण लागलं टाकीचं.’

आता टाकी धुण्याची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. बंद राहिलेल्या टाकीत आतून बुळबुळीत थर धरतो. आधी पाण्यातून ब्लीच घालून टाकी काही तास भरून ठेवायची. मग तळाचा कॉक उघडून सगळं सोडून द्यायचं, साध्या पाण्यानं दोनदा खळबळून काढायची, आणि त्यानंतरच व्हिनेगरचं पाणी भरायचं, म्हणजे ब्लीचची चव मरते. ब्लीच आणि व्हिनेगर यांची गाठ कधी पडू द्यायची नाही. पडली तर विषारी वायू सुटतो, हे यार्डात झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक होतं. एका वेळी चार-पाच गाड्या धुवायला लागलेल्या असत. मालकीणबाईंनी एकदा गाड्यांना अडकवायला पत्र्याच्या पाट्या करून आणल्या, एका बाजूला ब्लीच, दुसऱ्या बाजूला व्हिनेगर. नाकसाहेबांनी त्या पाट्यांवर चहाचे कप ठेवले. टाकीच्या तोंडाशी नाक नेलं की कुठल्या गाडीत काय आहे ते कळतं. आंधळ्यानं पाट्या वापराव्यात, ते म्हणाले होते.

आणि आता पाट्या काढायच्या म्हणजे सगळ्यांना कळणार. म्हणून ते डोक्यात ठेवत: चार धुऊन रिकामी, सातमध्ये ब्लीच, नऊमध्ये व्हिनेगर. शिवाय वास कळत नाही म्हणून कमी पडायला नको, या भीतीनं ते ब्लीच दुप्पट घालू लागले होते आणि व्हिनेगरही.

त्या दिवशी सकाळी मेहुण्यानं नवं नाटक केलं. चारचौघांत येऊन तो म्हणाला, ‘दाजी, चार नंबरच्या टाकीतून गुलाबाचा वास येतोय. तुम्ही अत्तर घालता का?’ नाकसाहेबांनी चारच्या तोंडाशी नाक नेऊन हुंगल्यासारखं केलं, कारण लोक बघत होते, आणि रागानं त्यांचं डोकं असं तापलं की आतला हिशेब पुसला गेला. चार की सात? कोणती सोडून दिली होती? त्यांनी दोन्ही गाड्यांकडे पाहिलं. दोन्ही पांढऱ्या, दोन्हींना तीच खिडकी. एखाद्याला विचारावं, तर काय विचारावं? जरा हुंगून सांग रे, म्हणून?

अकराच्या सुमारास त्यांनी सात नंबरच्या बाहेरच्या तोंडातून व्हिनेगरचा अख्खा कॅन ओतला. सातमध्ये ब्लीच होतं. आणि बिछान्याची फळी उचलून, टाकीचं वरचं झाकण उघडून, पाण्याची पातळी दाखवणारा बिघडलेला तरंगा काढायला, डोकं त्या खड्ड्यात घालून आत मेहुणा पालथा पडलेला होता. खिडक्या बंद होत्या, कारण बायकोनं नुकतेच पडदे लावले होते आणि बाहेर धूळ उडत होती.

आतून ठो ठो खोकला आला. मग काहीतरी पडलं. मग मेहुण्याचा आवाज आला, ‘दाजी! वास! वास सुटलाय!’

नाकसाहेबांच्या हातात रिकामा कॅन होता. सकाळची गुलाबाची गोष्ट डोक्यात ताजी होती. त्यांनी कॅन खाली ठेवला, गाडीला वळसा घातला आणि दाराशी आले. दार बाहेरच्या बाजूला उघडू लागलं होतं. त्यांनी खांदा लावून ते बंद केलं.

‘कसला वास?’ ते म्हणाले. ‘गुलाबाचा का?’

आतून दारावर मूठ बसली. त्यांनी पाय जमिनीत रोवले. याला एकदा नाटक पुरतं करू द्यायचं, त्यांनी ठरवलं; तीस आकडे मोजायचे आणि सोडायचं. एक. दोन. आत खोकला चालूच होता, गळा धरल्याचा तोच घोगरा आवाज, जो त्यांनी आठ दिवस रोज ऐकला होता. सहा. सात. आता बूट दारावर बसू लागले. प्रत्येक लाथ पत्र्यातून त्यांच्या खांद्याच्या हाडात उतरत होती. दहाला खोकल्यात काहीतरी बदललं. आवाज ओला झाला. नाटक करणारा माणूस मधूनमधून थांबून बघतो की आपल्याला कोणी बघतंय का. हा थांबत नव्हता. बाराला दाराच्या फटीतून काहीतरी त्यांच्या डोळ्यांत गेलं आणि डोळे मिरची पडल्यासारखे पेटले.

तेव्हा त्यांना कळलं. सगळं कळलं: सात नंबर, कॅन, ब्लीच. कळलं आणि खांदा तिथेच राहिला. तेरा. हुकावर आपटलेलं डोकं आठवलं. सतरा. दूध आठवलं, रॉकेलचं फडकं आठवलं, बावीस वर्षं आठवली. बावीस. लाथा मऊ होत गेल्या. सव्वीसला शेवटची आली, तिच्यात जोर नव्हता. तीस.

त्यांनी दार ओढलं. पिवळसर हिरवी वाफ पायरीवरून पायांवर उतरली आणि मेहुणा तिच्याबरोबर बाहेर कोसळला. त्यांनी त्याच्या काखेत हात घालून त्याला ओढलं. त्याचे डोळे मिटलेले होते, तोंडातून गुलाबी फेस येत होता, आणि तरी त्याच्या हातांना लढाई संपल्याचं कळलं नव्हतं. त्यानं नाकसाहेबांच्या चेहऱ्यावर नखं ओढली, कान धरून पिळला, मनगटाला चावला. रक्त येईपर्यंत चावला. नाकसाहेब खोकत, रडत, चावून घेत, त्याला वाऱ्याच्या दिशेला वीस पावलं ओढत घेऊन गेले. वेल्डर धावला. रंगवाल्यानं पाण्याची नळी डोळ्यांवर सोडली. शिवणयंत्र थांबलं.

रुग्णवाहिका आली, मेहुण्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावून त्याला घेऊन गेली, आणि मालकीणबाई मोकळ्या झालेल्या जागेकडे बघत म्हणाल्या, ‘कोणी ओतलं?’

सगळ्यांनी नाकसाहेबांकडे पाहिलं. इतका वेळ जे दडवलं ते आता ओठांवर आलं, आणि त्यांना नवल वाटलं की ते किती हलकं आहे.

‘मी,’ ते म्हणाले. ‘मला वास येत नाही. महिना झाला. डोकं आपटलं तेव्हापासून.’

मग मालकीणबाईंनी जे केलं ते बावीस वर्षांत केलं नव्हतं: नाकसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा दुखला.

‘सांगायचं नाही का,’ त्या म्हणाल्या. ‘एवढं मनात ठेवलंत. पाट्या वापरल्या असत्या. पेला दुसरं कोणी प्यालं असतं, तुम्ही शेजारी उभे राहिला असता. लोकांना तुमचं तोंड दिसलं म्हणजे झालं.’

वेल्डर म्हणाला, ‘आणि तरी त्याला बाहेर ओढलंत तुम्हीच.’

नाकसाहेबांनी मनगटावरचं रक्त शर्टाला पुसलं. नाक त्यांनी देऊन टाकलं होतं, आणि त्याच्या बदल्यात तीस आकडे सुखरूप झाकले गेले होते. मनातल्या मनात त्यांनी सौदा तोलून पाहिला. महागात पडला नव्हता.

संध्याकाळी बायको दवाखान्यातून आली. भाऊ वाचला होता. घसा आणि छाती आतून पोळली होती, आठ दिवस बोलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिनं पाणी गरम केलं, नवऱ्याचा शर्ट उतरवला, ओरखडे पुसले, मनगटावरच्या दातांच्या खुणा पुसल्या. मग फडकं खांद्याशी येऊन थांबलं. तिथे मूठभर जागा जांभळी झाली होती, कडेनं काळी.

‘हे कशानं?’

‘दार उघडताना लागलं. अडकलं होतं. खांद्यानं जोर लावला.’

तिनं फडकं पिळलं, पुन्हा बुडवलं, पुन्हा पिळलं.

‘ते दार बाहेर उघडतं,’ ती म्हणाली.

खाली रस्त्यावरून एक ट्रक गेला. खिडकीची काच थरथरली.

‘खांद्यानं जोर लावला तर ते बंद होतं.’ तिनं फडकं वाटीत टाकलं आणि अंगठा त्या जांभळ्या जागेवर ठेवला. ठेवला आणि दाबला. शिवणकाम करणाऱ्या बाईचा अंगठा, जाड कापडातून सुई ढकलून ढकलून खुंटीसारखा झालेला. ‘किती वेळ धरलंत?’

‘मला वाटलं तो नाटक...’

‘किती वेळ?’

‘तीस आकडे.’

‘आणि नाटक नाही हे कितव्या आकड्याला कळलं?’

अंगठा आत रुतत होता. त्यांना पंचवीस म्हणता आलं असतं, तीस म्हणता आलं असतं. डोळ्यांतून पाणी येत होतं.

‘बाराला.’

तिनं अंगठा काढला नाही. ती मोजत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. अठरा मोजून झाले तेव्हा तिनं हात पुसला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

सकाळी मालकीणबाई ऑफिसात पाट्यांवरचे चहाचे डाग पुसत बसल्या होत्या. नाकसाहेब उभे राहिले.

‘दार मी धरलं होतं,’ ते म्हणाले.

‘कुठलं दार?’

‘सात नंबरचं. तो आत होता. त्याला बाहेर यायचं होतं, आणि मी धरून ठेवलं. काय झालंय ते कळल्यावरसुद्धा धरलं.’

मालकीणबाईंनी पाटी उलटी करून ठेवली. बाहेर एक गिऱ्हाईक आलं होतं, गाडीपाशी उभं राहून इकडेतिकडे बघत होतं.

‘नाकाशिवाय मी तुम्हाला ठेवणार होते,’ त्या म्हणाल्या. ‘काल रात्री ठरवलंच होतं. पण आता लोकांना मी काय सांगू, पाणी कोणी भरलंय म्हणून?’

नाकसाहेबांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या, चारची, सातची, नऊची, आणि बाहेर आले. बायको फाटकाशी उभी होती, हातात डबा घेऊन.

‘सांगितलंत?’

‘सांगितलं.’

‘मग चला. दवाखान्यात भेटायची वेळ दहाची आहे.’

‘तो मला मारेल,’ ते म्हणाले.

‘मारेल,’ ती म्हणाली आणि चालू लागली.